विद्यादान की ऋणफेड?

प्रौढ माणसाला अक्षर शिकविण्याच्या कामाला ‘विद्यादान’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. शब्द जुना आहे, चांगला आहे आणि त्यामागची भावनाही शुद्ध आहे. तथापि जो भाविक वारकरी हे काम हाती घेऊ इच्छितो, त्याने या शब्दाशी क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. दान म्हटले की देणारा आला आणि घेणारा आला. एकाचा हात वर आणि दुसऱ्याचा खाली. साठी उलटलेली आजी पाटी पुढे घेऊन बसली आहे आणि वीस वर्षांचा मुलगा तिला ‘ग’ काढून दाखवीत आहे. या दोघांत वर कोण आणि खाली कोण? आणि जे तिचेच होते ते तिला मिळत असेल, तर त्याला दान म्हणता येईल काय? या प्रश्नाचा निकाल मनाशी लागल्याखेरीज शिकविणाऱ्याने खडू हाती घेऊ नये. कारण त्याची वाणी, त्याचा धीर आणि अखेरीस शिकणाऱ्याचे यशही या उत्तरावर अवलंबून असते.

प्रथम एका आक्षेपाचा विचार करू. आपल्याच मंडळींपैकी कित्येक जण म्हणतात, “अहो, पंढरीची वाट चालायला अक्षर कशाला लागतं? आमची आजी अंगठा उठवायची, पण सगळा हरिपाठ तिला तोंडपाठ. पोथी वाचणारे पुष्कळ पाहिले. त्यातले तरले किती?” हा आक्षेप खोटा नाही. अक्षरावाचून भक्ती अडत नाही, आणि अक्षर आले म्हणून भक्ती येत नाही. इतकेच नव्हे, तर अक्षरावाचून शहाणपणही अडत नाही. खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात राबताना आणि जात्यावर दळताना त्या गाणी रचीत, आणि त्या गाण्यांत जे जीवनाचे ज्ञान आहे ते मोठमोठ्या पदवीधरांच्या ग्रंथांत सापडणे कठीण. गाडगे महाराजही निरक्षरच होते. ते १९५६ साली निवर्तले, तोवर महाराष्ट्रभर त्यांच्या कीर्तनाला माणसांची रीघ लागे. तेव्हा निरक्षर म्हणजे अज्ञानी, हे समीकरण शिकविणाऱ्याने पहिल्या दिवशीच पुसून टाकावे.

परंतु याच दोन उदाहरणांना दुसरी बाजूही आहे. बहिणाबाईंची गाणी आज आपल्या हाती आहेत ती त्यांचे पुत्र कवी सोपानदेव यांच्यामुळे. घरात लिहिणारे हात होते म्हणून काही गाणी कागदावर उतरली आणि १९५२ साली, म्हणजे बहिणाबाईंच्या पश्चात, ती पुस्तकरूपाने बाहेर आली. जी उतरली नाहीत ती वाऱ्यावर गेली. ज्यांच्या शेजारी लिहिणारा कोणी नव्हता, अशा किती बहिणाबाई खेडोपाडी आल्या आणि गेल्या, याचा हिशेब कोणी ठेवावा? गाडगे महाराजांचे तर असे की, स्वतः निरक्षर राहूनही ते कीर्तनात लोकांना बजावीत की पोटाला चिमटा घ्या, पण पोर शाळेत घाला. अक्षर नसण्याची किंमत काय असते हे त्यांना ठाऊक होते. अक्षराशिवाय आपले अडत नाही, असे सांगण्याचा अधिकार अक्षर आलेल्या माणसाला फारसा नाही. ते ज्याला येत नाही त्याला विचारावे.

ती किंमत कोणती? १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. त्या उठावात लोकांचा मुख्य रोख सावकाराच्या तिजोरीपेक्षा त्याच्या दप्तरावर होता. कर्जरोखे हाती घ्यायचे आणि पेटवून द्यायचे, असा तो प्रकार होता. ज्या कागदांनी जमिनी गेल्या, ते कागद बहुतेकांना वाचता येत नव्हते. वाचता न येणाऱ्या माणसाला कागदाशी बोलण्याचा एकच मार्ग उरला होता, आणि तो म्हणजे आग. पुढे १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि असे रोखे गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत अशी तरतूद केली. कायद्याने साक्षीदार दिला, डोळे दिले नाहीत.

सावकाराचे दप्तर आता तसे राहिले नाही. पण कागद वाढले. बँकेची पावती, रेशनचा हिशेब, दवाखान्यातील चिठ्ठी, औषधाच्या बाटलीवरील मात्रा, एस.टी.ची पाटी, बचत गटाचे पुस्तक, शिवाय मोबाईलवर येणारा तो आकडा, जो कोणाला सांगू नये असे सगळे सांगतात आणि जो वाचता येत नसल्यामुळे दुसऱ्याला दाखवावाच लागतो! नुकसान पैशाचेच असते असेही नाही. मुलाने मुंबईहून धाडलेला निरोप शेजारणीकडून वाचून घ्यावा लागला, की घरातले दुःख गल्लीत जाते. आपले सुखदुःख प्रथम दुसऱ्याच्या डोळ्यांना कळावे आणि मग आपल्याला, ही परवशता लहान नव्हे. कोणी म्हणेल, “आता फोनच बोलतो, मग वाचायचं कशाला?” फोन बोलतो हे खरे, पण तो दुसऱ्याने घातलेलेच बोलतो. लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवून थांबता येते, मागे जाता येते, दोनदा पडताळता येते. ही सत्ता कानाला नाही, डोळ्याला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे अक्षर तिच्यापाशी का नव्हते? तिने ते नाकारले होते काय? बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेले आहे. धाकटी भावंडे सांभाळायची होती, गुरे राखायची होती, बारा-चौदाव्या वर्षी लग्न झाले, शाळा दूर होती, किंवा शाळेत त्या जातीच्या पोराला पडवीत बसवीत. १९५१ च्या जनगणनेत देशातील शंभरांपैकी सुमारे १८ माणसांना लिहितावाचता येत होते; स्त्रियांत ते प्रमाण शंभरांत ९ च्या आत होते. २०११ च्या जनगणनेत एकूण प्रमाण सुमारे ७३ वर आणि स्त्रियांचे सुमारे ६५ वर आले. प्रगती मोठी खरी. परंतु त्याच जनगणनेप्रमाणे १५ वर्षांवरील निरक्षरांची संख्या २५ कोटी ७६ लाख भरली आणि त्यांत १६ कोटी ६८ लाख स्त्रिया होत्या. एवढ्या सगळ्या जणी आळशी होत्या, असे कोणी म्हणणार आहे काय? एका घरातला भाऊ शाळेत गेला तो बहीण गुरांमागे गेली म्हणून. गावातले एक घर शिकले, त्यांच्या शेतात दुसरे घर राबत होते. आमच्या पाटीवरचे अक्षर कोणाच्या तरी घामावर उमटले आहे. मग ते परत करताना त्याला दान म्हणावे, की देणे?

येथे आपल्या संप्रदायाचा आधार आहे आणि तो पायाशीच आहे. नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, माउलींनी गीता मराठीत आणली. तिच्या अठराव्या अध्यायात त्यांनी वेदांविषयी एक धीट विचार मांडला आहे. वेद संपन्न खरा, पण त्याच्यासारखा कृपण दुसरा नाही. कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला आणि स्त्रीशूद्रादिकांना वगळून बसला. ही आपली उणीव ध्यानी येऊन ती भरून काढण्यासाठीच वेद गीतेच्या रूपाने सर्वांना सेव्य झाला, असा त्याचा आशय आहे. नीट पाहा. गीता सर्वांना मिळाली हा लोकांवर झालेला उपकार, असे माउली म्हणत नाहीत. ज्याने राखून ठेवले त्याचे ते उणेपण होते आणि त्याची ती भरपाई होती. ज्याच्यापाशी ज्ञान साठले आणि वाटले गेले नाही, तोच येथे दोषी ठरतो. सातशे वर्षांपूर्वी हा न्याय आमच्या घरात झालेला असताना आज शिकविणाऱ्याने दात्याचा आव आणणे शोभत नाही.

ही परतफेड महाराष्ट्रात पूर्वीही झाली आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजूर स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. त्या वेळी शिक्षकांनी आणि शिकलेल्या गावकऱ्यांनी मोबदल्याशिवाय गावेच्या गावे शिकविण्यास घेतली आणि ती मोहीम पुढे राज्यभर गेली. केंद्र सरकारने २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला नवभारत साक्षरता कार्यक्रमही स्वयंसेवकांवरच उभा केला असून, त्याच्या कागदपत्रांत या सेवेला ‘कर्तव्यबोध’ असा शब्द योजिला आहे. सरकारी कागदालाही येथे दान हा शब्द सुचला नाही, हे विशेष!

इतके मनाशी ठरले म्हणजे शिकविण्याची रीत आपोआप सुधारते. देणे द्यायला गेलेला माणूस सावकारावर ओरडत नाही. “एवढं साधं येत नाही होय?” हे वाक्य त्याच्या तोंडी येत नाही. वारीत आपण समोरच्याचे वय, जात, शिक्षण न विचारता त्याला माउली म्हणतो आणि त्याच्या पायांवर डोके ठेवतो. तोही आपल्या पायांवर ठेवतो. पाटीशी बसताना हाच आचार पाळावा. शिकविणारा लहान असेल तर त्याने प्रथम नमस्कार करावा. त्याने आजीची लाजही जाते आणि आपला ताठाही जातो. सून सासूला शिकवीत असेल तर हे विशेष जपावे. घरातली जुनी भांडणे पाटीवर उतरू देऊ नयेत.

काही व्यवहाराच्या गोष्टीही सांगतो, कारण नुसत्या भावाने अक्षर येत नाही. पहिली गोष्ट डोळ्यांची. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागते. “माझं डोकंच चालत नाही” असे म्हणणाऱ्या पुष्कळांचे डोके ठीक असते, चष्मा तेवढा नसतो. तेव्हा पाटीच्या आधी डोळे तपासून घ्यावेत. दुसरी गोष्ट हाताची. ज्या हाताने जन्मभर खुरपे धरले त्याला पेन्सिल तृणासारखी लागते. ती निसटते किंवा मोडते. प्रथम जाड खडू द्यावा, नाहीतर परातीत राख पसरून बोटाने गिरवू द्यावे. तिसरी गोष्ट क्रमाची. लहान मुलाप्रमाणे ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत नेण्याचे कारण नाही. जुने पंतोजी ‘ग म भ न’ का शिकवीत? उजवीकडची उभी रेघ एकदा बसली की चारही अक्षरे हाताला जवळची होतात. आजीला तिचे नाव, गावाचे नाव, घर, पाणी, भाकर असे शब्द द्यावेत. देवाचे नावही द्यावेच. पण ‘राम’ आणि ‘हरि’ यांनी प्रारंभ करावा. ‘विठ्ठल’ तोंडाला सर्वांत सोपा असला तरी त्यातले जोडाक्षर हाताला कठीण जाते. तो थोडा मागाहून येईल, आणि ज्या दिवशी येईल त्या दिवशी घरात गूळ वाटावा.

हिशेबाच्या बाबतीत तर शिकविणाऱ्यानेच कान उघडे ठेवावेत. बाजारात बसणारी बाई तोंडी हिशेबात तुम्हांआम्हांला हरवील. ती विसांनी मोजते. तीन विसा आणि पाच म्हणजे पासष्ट. तिला मोजायला शिकवायचे नाही, तिने मोजलेले कागदावर कसे दिसते एवढेच दाखवायचे आहे.

वारकऱ्याच्या घरी आणखी एक सोय आहे. हरिपाठ पाठ असतो. छापील प्रत पुढे ठेवली की आजी घडाघडा म्हणू लागते आणि पाहणारा हर्षून जातो, “वा, आजी वाचायला लागली!” येथे सावध असावे. बोट एका ओळीवर असते आणि जीभ दुसऱ्या ओळीवर. ते वाचन नव्हे, पाठांतर होय. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून “आजी, हे काय?” असे विचारावे. मग त्याच अक्षरांचा नवा, न ऐकलेला शब्द पाटीवर काढावा. तो लागला म्हणजे वाचन आले. तथापि पाठांतराला हिणवू मात्र नये. पाठांतर ही तिची ठेव आहे. अक्षर शिकताना तिने ती टाकावी असे नव्हे. उलट त्या ठेवीवरच हे नवे घर बांधायचे आहे.

आता शिकविणाऱ्याच्या मोहाविषयी बोलले पाहिजे. हा मोह आकड्यांचा आहे. चार माणसे पंधरवड्यात सही करू लागली की त्यांची नावे वहीत ‘साक्षर’ म्हणून मांडावीशी वाटतात. गावाचे नाव होते, सत्कार होतो. वस्तुतः जनगणनेच्या व्याख्येप्रमाणेही साक्षर तोच, ज्याला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येते. नुसती सही ही साक्षरता तर नव्हेच, पण आमच्या मते ती धोक्याची पायरी आहे. अंगठा उठविणाऱ्याला निदान साक्षीदार लागतो, कागद वाचून दाखवावा अशी रीत तरी असते. सही करणाऱ्याने कागद वाचला असेच जग धरून चालते. ज्याला सही येते आणि वाचता येत नाही, त्याची जबाबदारी वाढली आणि संरक्षण गेले. अशा माणसाला अर्ध्या वाटेवर सोडणारा स्वयंसेवक त्याला सावकाराच्याच दारी नेऊन उभा करतो. म्हणून ज्याला चिकाटीने पुढे नेणे जमणार नसेल त्याने सही शिकवून टाळ्या घेऊ नयेत. चार जणांना सही शिकविण्यापेक्षा एकाला पान वाचता येऊ द्यावे. आणि वाचता आल्यावरही पाठ फिरवू नये. कारण नवे अक्षर रोज वापरले नाही तर वर्षभरात पुसते. मोठ्या टाइपाचे पुस्तक, पत्र, एखादे वर्तमानपत्र, काही ना काही तिच्या हाती येत राहिले पाहिजे.

दुसरा प्रसंग नकाराचा. एखादी आजी म्हणेल, “नको रे बाबा, माझं आयुष्य गेलं. आता नाव घेऊ दे मला.” अशा वेळी काय करावे? पुष्कळदा हा नकार लाजेचा असतो. नातवंडे हसतील, हात थरथरेल, आपल्याला जमणार नाही, ही भीती त्यामागे असते. अशी लाज प्रेमाने आणि एकांताने जाते. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या आजी गुलाबी लुगडे नेसून, दप्तर घेऊन एकत्र शाळेला निघू लागल्या. एकटीला जी लाज वाटते ती सगळ्या जणी मिळून निघाल्या की हसण्यावारी जाते. दिंडीत चालणाऱ्याला हे निराळे सांगावयास नको. परंतु कधी कधी नकार खरा असतो. मनापासून नको असते. तेथे आग्रह करू नये. परतफेड म्हणजे बळजबरी नव्हे. धनकोने ‘राहू दे’ म्हटले तर ऋणको त्याच्या गळ्यात पैसे बांधीत नाही. मग तिच्याजवळ बसावे, पोथी वाचून दाखवावी, तिचे कागद समजावून सांगावेत आणि दार उघडे ठेवावे. ती शिकली नाही म्हणून तिची योग्यता तसूभरही कमी होत नाही. ज्या शिकविणाऱ्याच्या प्रेमाला शिकण्याची अट आहे, त्याचे ते प्रेम नव्हे, खातेवही आहे.

मग शिकविणाऱ्याला काय मिळते? पुण्य मिळते की नाही ते पांडुरंग जाणे; त्याचा हिशेब आपण ठेवू नये. पण एक गोष्ट रोकडी मिळते. अक्षर आपल्याला इतके लहानपणी आले की ते कमावलेले आहे याचा विसर पडला आहे. साठ वर्षांच्या हाताला ‘म’ची गाठ वळविताना घाम फुटतो हे जवळून पाहिले, म्हणजे आपल्या विद्येचा गर्व आपोआप उतरतो. आपण हुशार होतो म्हणून शिकलो असे नव्हे, आपल्याला शाळेत धाडले गेले म्हणून शिकलो, हे तेव्हा कळते. ज्या निरहंकारासाठी साधक जन्मभर खटपट करतो, त्याचा एक धडा ओसरीवर कंदिलाच्या किंवा दिव्याच्या उजेडात बसल्या बसल्या मिळतो. आपल्या भाषेत ‘अक्षर’ म्हणजे जे क्षरत नाही, नाश पावत नाही ते. तेच परब्रह्माचेही नाव आहे. पाटीवरचा खडू पुसला जातो हे खरे. पण दोन माणसे ज्या भावाने त्या पाटीवर वाकलेली असतात, तो भाव पुसला जात नसावा.

चातुर्मास जवळ आला की आपण नेम धरतो. कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी एकभुक्त राहतो, कोणी रोज एक अध्याय वाचतो. हे नेम चांगलेच आहेत. त्यांच्याबरोबर आणखी एक नेम धरावा, अशी आमची वाचकांना विनंती आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत एक माणूस आणि रोज एक तास. मोठी संस्था नको, फलक नको. घरातली आई, शेजारची मावशी, बांधावरचा काका, ज्या भजनी मंडळात आपण उभे राहतो त्यातला एखादा टाळकरी, यांपैकी एक. भजनाच्या आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास म्हटले तरी होईल. पेरणी-काढणीच्या दिवसांत खंड पडेल, तो पडू द्यावा, पुन्हा बसावे. चार महिन्यांत सगळे होईलच असे नाही, पण वाट चालू लागेल, आणि वाट चालणे हे तर आपले कुळाचारच आहे.

फक्त बसण्यापूर्वी मनाशी म्हणावे की, मी काही द्यायला आलेलो नाही. राहिलेले परत करायला आलो आहे, आणि उशीर झाला म्हणून क्षमा मागायला आलो आहे. एवढे झाले की पुढचे खडूला ठाऊक आहे.

रामकृष्णहरि!